शकूताईची मोंबासाची तयारी

परदेशी जायचं ठरलं की माणसं आधी बॅग घेतात. शकूताईनं आधी सँडल घेतले. निळे, रबरी तळाचे, मागे टाचेला पट्टा असलेले. चाकणच्या बाजारातून आणले आणि तेही दोनदा बदलून. मी म्हटलं, अगं ताई, अजून तुझा पासपोर्ट नाही, तिकिटाचा पत्ता नाही, आणि सँडल कसले घेऊन बसलीस? तर म्हणाली, "आधी बूड, मग शेंडा."

हे तिचं कायमचं वाक्य. चाकणच्या एमआयडीसीत आमची कंपनी वायरिंग हार्नेस बनवायची. म्हणजे मोटरसायकलच्या पोटातून पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत वायरींची जी जुडी जाते ना, ती. ही जुडी कुठलं मशीन बांधत नाही, बायकाच बांधतात. समोर एक उभा लाकडी बोर्ड असतो, त्याला आकडे ठोकलेले असतात, त्या आकड्यांतून एकेक वायर घालत जायची आणि शेवटी काळी टेप गुंडाळायची. नव्या पोरी मनाला येईल तिथून सुरुवात करायच्या. शकूताई त्यांचा हात धरून खाली आणायची. जिथून जाड वायरी निघतात ते बूड, तिथून सुरू करायचं, फांद्या नंतर. शेंड्याकडून बांधलेलं हार्नेस शेवटी कुठंतरी आखूड पडतंच, असं तिचं म्हणणं. तयार माल तपासायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तिचं खरं असायचं हे मी रोज बघत होते.

हाच नियम तिनं सगळ्या जगाला लावला होता. नातवाला आंघोळ घालायची तर पायापासून. घर झाडायचं तर उंबऱ्यापासून. नवीन माणूस भेटलं की आधी त्याच्या पायांकडे बघणार आणि मग तोंडाकडे. चपलांवरून तिला कळायचं की कोण बसनं आलंय, कोण चालत आलंय, आणि कोण घरून भांडून निघालंय. मी पहिल्या दिवशी कामावर आले तेव्हा माझ्या चपलेला सुतळी बांधलेली होती. तिनं नाव विचारलं नाही. गाव विचारलं, आणि टेपच्या दोन वेढ्यांत माझी चप्पल नीट करून दिली. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडी 'परभणी' झाले. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, देव जाणे.

ती अस्सल इथली, खेड तालुक्यातली. आमचं शेड उभं होतं ती जमीन तिच्या सासऱ्याची. नव्या पोरींना ती टेपच्या कपाटाकडे हात करून सांगायची, तिथं आमची हीर हुती. पोरींना वाटायचं म्हातारी थापा मारते. जमिनीचं पुढं काय झालं, दिरांचे बंगले कसे उठले आणि ती ठेकेदाराकडून आमच्यासारखीच रोजावर का लागली, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फक्त गळ्यातल्या दोरीचा विषय निघाला की तिचा चेहरा बदलायचा. कायम कामगारांच्या आयकार्डाला निळी दोरी, आम्हा ठेक्याच्या बायकांना लाल. तिची लाल दोरी धुऊन धुऊन गुलाबी झाली होती. निळी दोरी गळ्यात पडावी एवढीच त्या बाईची या जगाकडे मागणी होती, आणि ती फार मोठी होती असं मला अजूनही वाटत नाही.

तिच्या खुणांबद्दल सांगायलाच पाहिजे. लाइनवर पोरी सगळीकडच्या. ओडिशाच्या, बिहारच्या, आमच्या मराठवाड्याच्या. कामाच्या सूचना इंग्रजीत छापून बोर्डाच्या वर लटकावलेल्या, त्या पंख्याच्या वाऱ्यावर हलत राहायच्या, वाचत कुणीच नव्हतं. शकूताईनं नेलपॉलिश आणली आणि बोर्डावर चित्रं काढली. लाल वायर जिथं जाते तिथं मिरची. हिरवीला पोपट. टेपचा वेढा जिथं द्यायचा तिथं बांगडी. आणि जिथं चूक हमखास होते तिथं उघडा डोळा. दोन दिवसांत नवी पोरगी तयार व्हायची. बाहेरचे लोक तपासणीला येणार असले की सुपरवायझर थिनर घेऊन सगळं पुसायला लावायचा. शकूताई मुकाट्यानं पुसायची, पाहुण्यांची गाडी गेटाबाहेर पडली की पुन्हा बाटली उघडायची. "डोळं मिटून काम व्हतं व्हय," एवढंच पुटपुटायची.

मग एका दुपारी चहानंतर प्लांटचे साहेब लाइनवर आले. सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की आपली ही लाइन केनियाला जाणार, मोंबासा नावाच्या बंदराच्या गावाला. तिथं कंपनीचं नवं शेड झालंय. बोर्ड जहाजानं जातील. तिथल्या बायकांना शिकवायला इथून दोघीजणी जातील, त्यात शकुंतलाबाईंचं नाव पहिलं. दुसरीचं नाव पुढं कधी कळलंच नाही. जाऊन येणाऱ्यांना कायम करण्याचा विचार होईल, आणि बाकीच्यांचं बघू.

'विचार होईल' आणि 'बघू' हे साहेबलोकांचे शब्द काय किमतीचे असतात, ते आम्हाला कळत होतं. दोघीतिघी तिथंच रडायला लागल्या. शकूताईनं पदर खोचला आणि एकच विचारलं, तिकडं डास हायत का? साहेब हसले. म्हणाले, भरपूर आहेत. ती गंभीरपणे मान हलवून परत बोर्डापाशी गेली.

त्या दिवसापासून तिची तयारी सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर आमची सगळ्यांची. ती कायम झाली तर आमच्यासाठी एक शब्द टाकेल, हे न बोलता प्रत्येकीच्या मनात होतं. परदेशात जाऊन आलेल्या बाईला काढून टाकायची कुणाची छाती होणार नाही, असा तिचा हिशोब. मला तो पटत नव्हता. पण तिच्या तोंडावर ते म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि मलाही तो पटायला हवाच होता.

सल्ला देणारे मिळाले ते सगळे आखाताचे. गेटासमोर यूनुसभाईंचं गॅरेज होतं, ते तरुणपणी मस्कतला राहून आलेले. त्यांनी शकूताईला स्टूल दिलं आणि उष्ण देशाचं सगळं शास्त्र सांगितलं. डोकं झाकायचं, ओठांना तेल लावायचं, मीठ घालून पाणी प्यायचं, जाड सुती कापड घालायचं म्हणजे ऊन आत येत नाही. ही त्याप्रमाणे जाड कापड घेऊन आली. पुढं लस टोचायला गेलो तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, कुठं चाललाय? मोंबासा म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, अहो ते समुद्राकाठी आहे, दमट हवा, घाम वाळतच नाही, जाड कपड्यांना चार दिवसांत बुरशी येईल. शकूताईचा चेहरा पडला. इतके दिवस ती वाळवंटाला निघाली होती. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा बुडापासून सुरुवात केली. सँडल तपासले, ते ओल्यात चालतील म्हणून पास झाले. मागचा पट्टा असल्यामुळे ओल्या फरशीवर पाय सटकणार नाही, हे तिनं मला घालून दाखवलं. मग पातळ कापड, मग कपड्यांत ठेवायला कापूर आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला, मग मिठाच्या डब्यात तांदळाचे दाणे, मीठ पाझरू नये म्हणून.

तिकडच्या शेडमध्ये साडी चालणार नाही, पँट पाहिजे, असं कळलं. जन्मात साडीशिवाय काही न नेसलेली बाई. तिनं चाकणच्या शिंप्याकडून दोन पँटी शिवून घेतल्या आणि सराव चालू केला. आधी स्वैपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत. सुनेनं तोंडात पदर कोंबला म्हणे. मग गच्चीवर. आणि एका रविवारी पँट, वर लांब कुर्ता, पायात निळे सँडल अशी ती सरळ यूनुसभाईंच्या गॅरेजपर्यंत चालत गेली. यूनुसभाईंनी हातातला पाना खाली ठेवला, फडक्यानं स्टूल पुसलं आणि म्हणाले, "बसा मॅडम." सोमवारी सगळ्या लाइनला तिनं हे तीन वेळा सांगितलं. मॅडम म्हणाले गं. मला.

मच्छरदाणी तिनं भर दुपारी लावून बघितली. आत बसून मटार सोलले. नातवाला बाहेरून माश्या सोडायला लावल्या, एकही आत आली नाही तेव्हा मच्छरदाणी पसंत पडली. भाषेचंही तेच. सुनेच्या मोबाइलवरून तिनं तिकडचे तीनच शब्द पाठ केले, कारण शिकवायला त्याहून जास्त लागत नाहीत असं तिचं मत. हापा म्हणजे इथं. पोले पोले म्हणजे हळूहळू. तेना म्हणजे पुन्हा. महिनाभर आमच्या लाइनवर हेच चाललं होतं. एखादीनं घाई केली की शकूताई मागून म्हणणार, पोले पोले. जेवणाच्या सुट्टीत पोरी एकमेकींच्या डब्यात हात घालून म्हणायच्या, तेना, तेना. किती हसलो असू आम्ही त्या दिवसांत!

पासपोर्ट आला तेव्हा लस टोचायला पुण्याला मी तिच्यासोबत गेले होते. पीतज्वराची लस, आफ्रिकेत जायचं तर लागते, ती ठरलेल्याच ठिकाणी मिळते. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं टोचलं, पिवळ्या पुस्तिकेवर शिक्का मारला आणि म्हणाला, आजी, आता पुन्हा घ्यायची गरज नाही, ही जन्मभर चालते. परतीच्या बसमध्ये ती दंड धरून बसली होती. नाशिक फाटा आला, भोसरी आली, तरी तिचं तेच चाललेलं. "परभणी, जनमभर चालती म्हनला." मी हो हो म्हणत होते. नंतर माझ्या लक्षात आलं की तिला त्याचं एवढं का वाटलं. आमचं सगळंच अकरा महिन्यांचं. ठेका अकरा महिन्यांचा, खोलीचा करार अकरा महिन्यांचा. जन्मभर चालणारं असं तिला कुणी पहिल्यांदाच काही दिलं होतं.

बोर्ड पाठवायचा दिवस आला. त्याआधीचा आठवडा ती नेलपॉलिशच्या नव्या बाटल्या घेऊन बसली होती. जुन्या खुणा पुसट झाल्या होत्या, त्या तिनं एकेक करून पुन्हा रंगवल्या. मिरचीला देठ काढलं, पोपटाला चोच काढली. मी म्हटलं, तू जाणारच आहेस ना शिकवायला, मग एवढं कशाला? तर म्हणाली, बोर्ड माझ्या आधी पोचनार, त्या बायांना माझ्या येन्याआधी वळख तरी होऊ दे.

मग तिच्या डोक्यात ती कल्पना आली, आणि आम्हा सगळ्यांना ती इतकी आवडली की आम्ही टाळ्या वाजवल्या. विमानात सामानावर बंधन असतं, असं यूनुसभाईंनी सांगितलं होतं. बोर्डांच्या लाकडी खोक्यात तर जागाच जागा. मग तिनं सँडल, पँटी, मच्छरदाणी, छत्री, छोटा कुकर, काळा मसाला, सगळं एका नायलॉनच्या पिशवीत भरलं, पिशवीला वरून हार्नेससारखी काळी टेप गुंडाळली आणि ती बोर्डांच्या मधल्या फटीत घट्ट बसवली. पॅकिंगचा सुपरवायझर म्हणाला, बरंच आहे, वाटेत बोर्ड हलणार नाहीत. खोकं बंद करायच्या आधी आम्ही बायकांनी बोर्डांना हळदकुंकू लावलं. कुणीतरी म्हणालं, लेक सासरी चाललीय, ओटी नको का भरायला? मग खणात तांदूळ आणि सुपारी बांधून प्रत्येक बोर्डाची ओटी भरली. नारळ नाही ठेवला, जहाजात नासेल म्हणून. शकूताईनं शेवटच्या बोर्डावरून हात फिरवला, खोक्यावर झाकण बसलं, आणि ट्रक गेटातून बाहेर पडला.

आता तिच्याकडे तयारीला काही उरलं नव्हतं. आम्हाला तात्पुरतं दुसऱ्या शेडमध्ये खोकी चिकटवायला बसवलं होतं. ती रोज जेवणाच्या सुट्टीत एचआरच्या मॅडमकडे जायची. मॅडम चांगल्या होत्या, रोज नवीन सांगायच्या. व्हिसाचं चालू आहे. आधी इंजिनिअर जाऊन जागा लावतील, मग तुम्ही. तिकडच्या प्लांटचं पत्र यायचंय. शकूताई परत येऊन आम्हाला तेच शब्द जसेच्या तसे सांगायची आणि खोकी चिकटवायला लागायची. आम्ही विचारायचं थांबलो. तिचं जाणं थांबलं नाही.

मोंबासाहून परत आलेल्या इंजिनिअरांपैकी अनिकेत आमच्याशी नीट बोलायचा. तो कॅन्टीनमध्ये ताट घेऊन मुद्दाम आमच्या टेबलाशी आला. चेहरा आनंदानं फुललेला. म्हणाला, ताई, तुमची कमाल आहे. आमच्यावर काही शिकवायची वेळच आली नाही, तिथल्या बायकांनी बोर्ड बघितले आणि हसायलाच लागल्या. मिरची, पोपट, डोळा, सगळं त्यांना आपोआप कळलं. आठवडाभरात लाइन चालू झाली. साहेब तर म्हणाले, आता कुणाला पाठवायची गरजच नाही.

तो कौतुक करत होता. त्याच्या मनात दुसरं काहीच नव्हतं, आणि हे मला आजही सहन होत नाही.

शकूताईनं घास खाली ठेवला आणि विचारलं, "मंग मी कवा जायचं?"

अनिकेतनं ताट टेबलावर ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं मोबाइल काढला आणि तिच्यापुढे फोटो धरला. उंच शेड, पांढराशुभ्र उजेड, आमचे बोर्ड ओळीनं उभे, बोर्डांच्या कोपऱ्याला आमचं हळदकुंकू तसंच, आणि समोर बायका हसत उभ्या. मागे खिडकीला एक छत्री टांगलेली. तो म्हणाला, तुम्ही पाठवलेली पिशवी मिळाली त्यांना. त्यांना वाटलं कंपनीनं भारतातून भेट पाठवलीय, वाटून घेतली, फार खूश झाल्या.

शकूताईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बुडापासून बघायला लागली. पाय बघत बघत ती एका पायाशी थांबली. निळे सँडल. कितीतरी वेळ ती तेच बघत होती. मला त्या बाईचा राग आला, अनिकेतचा आला, त्या मिरच्या-पोपटांचा आला, सगळ्या जगाचा आला. शकूताईनं मोबाइल त्याला परत दिला.

"मागचा पट्टा टाचंखाली चेपलाय तिनं," ती म्हणाली. "ओल्यात पडंल ती. कुनीतरी सांगा तिला."

अनिकेत म्हणाला, सांगतो. त्यानं सांगितलं असेल का कुणास ठाऊक.

महिनाअखेरीला ठेकेदाराच्या माणसानं गेटावर खोकं ठेवलं आणि आम्ही एकेकीनं गळ्यातली लाल दोरी काढून त्यात टाकली. शकूताईची गुलाबी दोरी त्या ढिगात वेगळी दिसत होती. यूनुसभाईंनी तिला चहाला हाक मारली, तिनं हातानंच नको म्हटलं आणि सहा आसनी रिक्षात चढली.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. दुसऱ्या एका कंपनीच्या गेटावर ठेकेदार बायका निवडणार होता, तिथं आम्ही दोघीही सकाळी रांगेत होतो. ठेकेदाराचा माणूस एकेकीला वय विचारत होता, आणि आधी कुठं काम केलं त्याचा कागद मागत होता. ठेक्याच्या बाईला कसला कागद देतात कंपन्या! शकूताईची पाळी आली तेव्हा तिनं पोलक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून ती पिवळी पुस्तिका काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्यानं उलटीसुलटी करून बघितली. "मावशी, हे काय आहे?"

"मला मोंबासाला पाठवनार हुते शिकवायला," ती म्हणाली. "त्याची लस हाय. जनमभर चालती ही."

त्यानं पुस्तिका मिटून परत दिली. वाईट बोलला नाही. म्हणाला, मावशी, आम्हाला तरुण पोरी पाहिजेत. मग माझ्याकडे वळला, माल तपासायचं काम येतं म्हटल्यावर मला आत जायला सांगितलं. मी गेले. आत गेल्यावर मी वळून बघितलं. शकूताई गेटाच्या कडेला उभी होती आणि आत येणाऱ्या पोरींच्या पायांकडे बघत होती. माझ्या मागच्या पोरीनं घाईत चपलेचा मागचा पट्टा टाचेखाली दाबला होता. शकूताईनं तिला दंडाला धरून थांबवलं, खाली वाकली, पट्टा वर ओढून टाचेवर बसवला आणि तिला आत सोडलं. मग वॉचमननं गेट ओढून घेतलं.